ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांच्या चांगल्या छापील आवृत्त्या कोणत्या घ्याव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संस्कृतात एम.ए. झालंय, वर्षभर ग्रीक शिकलात, लॅटिन जेमतेम येते. आता होमर, प्लेटो आणि रोमन कवी कॅटलस मूळ भाषेत, छापील हवेत. तर सगळ्यात चांगली मालिका कोणती? आणि जाता जाता, ‘पेरिप्लस’, म्हणजे भारतापर्यंतच्या सागरी व्यापाराचं जुनं ग्रीक वर्णन, कुठे मिळेल?

मालिका विचारू नका, संपादक कोण आणि साल कोणतं ते विचारा. मी हे ठेच लागल्यावर शिकलो. रद्दीच्या भावात लोएब या द्विभाषिक मालिकेतला ग्रीक नाटककार सोफोक्लीस मिळाला म्हणून खुशीत घरी आणला, तर तो निघाला १९१२चा, स्टॉर यांचा, जुनाट पद्यातल्या भाषांतरासकट. १९९४मध्ये लॉइड-जोन्स यांनी तोच सोफोक्लीस नव्याने संपादित केला. पण मालिका तीच, खंडक्रमांक तोच, रंगही तोच. शीर्षकपान उघडल्याशिवाय पत्ता लागत नाही.

तरी सुरुवात लोएबपासूनच करा. जेम्स लोएब या बँकरने काढलेली ही मालिका १९१२पासून निघते आहे. हिरवं पुस्तक ग्रीक, लाल लॅटिन. डाव्या पानावर मूळ, उजव्यावर इंग्रजी. नवशिक्याला याहून मोठा आधार नाही. फक्त जुन्या खंडांमधल्या सोवळेपणापासून सावध राहा. रोमन कवी मार्शलच्या जुन्या लोएबमध्ये (१९१९-२०) अश्लील कविता आल्या की समोरच्या पानावर इंग्रजीऐवजी इटालियन भाषांतर आहे! इटालियन वाचकाचं चारित्र्य बिघडलं तरी चालेल, असा हिशेब असावा. १९९३च्या शॅकलटन बेली यांच्या आवृत्तीत हा लपंडाव नाही.

लोएबमध्ये पाठभेद (हस्तलिखितांमधले फरक) फार थोडे देतात. ते हवेत तर ऑक्सफर्डची निळ्या वेष्टनातली मालिका घ्या. तिच्यात भाषांतर नाही, टीपा नाहीत, प्रस्तावनासुद्धा परंपरेने लॅटिनमध्ये. वर मूळ पाठ, खाली बारीक टाइपात पाठभेद. तुम्ही संस्कृतवाले, भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाताळली असेल. तेव्हा हे पान पाहून घाबरणार नाही. खुणा तेवढ्या शिकून घ्या. चौकोनी कंसातला मजकूर संपादकाला प्रक्षिप्त वाटतो. टोकदार कंसातला त्याने स्वतः भरलेला असतो. आणि शब्दाच्या दोन्ही बाजूंना कट्यारीसारखी खूण दिसली, तर समजा की पाठ बिघडलाय आणि संपादकाने हात टेकलेत. खाली जागोजागी ‘ओम्’ अशी दोन रोमन अक्षरं दिसतील. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा क्षणभर चक्रावलो होतो. तो ओंकार नाही; ‘ओमिसिट’, म्हणजे ‘या प्रतीत हे गाळलं आहे’.

संपादकाने किती फरक पडतो, याला होमर हे चांगलं उदाहरण. ऑक्सफर्डचा मन्रो-अ‍ॅलनचा ‘इलियड’ वर्षानुवर्षं सगळ्यांच्या हातात आहे. मार्टिन वेस्ट यांनी १९९८ आणि २०००मध्ये टॉयब्नर या जर्मन मालिकेत दोन खंडांत तोच काढला आणि अख्खा दहावा सर्ग कंसात टाकला. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा पुण्याच्या आवृत्तीत परिशिष्टात गेली, तसंच काहीसं. रोजच्या वाचनाला मन्रो-अ‍ॅलन पुरतो. वेस्टची किंमत पाहून मी तो ग्रंथालयातच वाचायचं ठरवलं.

कॅटलसची गोष्ट उलटी. होमरच्या हस्तलिखित प्रती शेकड्यांनी आहेत. कॅटलसचा जवळजवळ सगळा संसार व्हेरोनातल्या एका हरवलेल्या हस्तलिखितावर उभा आहे. त्याच्या चौदाव्या शतकातल्या तीन नकला, त्याही चुकांनी भरलेल्या. त्यामुळे दोन आवृत्त्यांतल्या ओळी जुळल्या नाहीत तर दचकू नका. मायनर्स यांची १९५८ची ऑक्सफर्ड आवृत्ती घ्या. प्लेटोचं ‘रिपब्लिक’ ऑक्सफर्डचंच, पण स्लिंग्स यांचं, २००३चं, बर्नेटचं जुनं नको.

तुमच्या पायरीवर खरा उपयोग मात्र केंब्रिजच्या हिरव्या-पिवळ्या मालिकेचा होईल. मूळ पाठ आणि मागे भरघोस टीपा, व्याकरणासकट. ‘इलियड’चा चोविसावा सर्ग (मॅक्लाउड, १९८२) किंवा प्लेटोचं ‘सिम्पोझियम’ (डोव्हर, १९८०) यांपैकी एक आधी विकत घ्या, बाकीचं नंतर. फ्रेंच येत असेल तर ब्युदे मालिकाही आहे, ग्रीकवर घुबड आणि लॅटिनवर लांडगीण. जुनी न वाचलेली प्रत मिळाली तर पानं सुरीने कापावी लागतात. मला ते काम फार आवडतं.

एक गोष्ट मुळीच घेऊ नका: मागणीनुसार छापून देणारी स्वस्त पुनर्मुद्रणं. मी एकदा ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस मागवला. यंत्राने ग्रीक अक्षरं ‘ओळखून’ छापली होती, म्हणजे पानभर रोमन अक्षरांचा आणि टिंबांचा चिवडा. पैसे परत मिळाले नाहीत. प्रताधिकार संपलेली जुनी आवृत्तीच हवी असेल तर मूळ पानांची छायाचित्रं फुकट उतरवून घ्या आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून बांधून घ्या.

आता ‘पेरिप्लस’. लायनेल कॅसन यांची आवृत्ती, प्रिन्स्टन, १९८९: ग्रीक पाठ, भाषांतर आणि भरपूर टीपा एकाच पुस्तकात. हा ग्रंथ हायडलबर्गमधल्या दहाव्या शतकातल्या हस्तलिखितामुळे टिकला, त्यामुळे नावांचे पाठ वादाचे. एकेचाळिसाव्या प्रकरणातला राजा ‘मान्बानोस’ हा आपला क्षत्रप राजा नहपान असं अभ्यासक मानतात. तिथल्या तळटीपा नक्की वाचा. पण सुरुवात एक्कावन्नाव्यापासून करा. वाक्यं सोपी आहेत आणि ओळखीचं गाव भेटतं: भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला सुमारे दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. पुढच्याच प्रकरणात सोपारा आणि कल्याण.