ट्वायलाइट झोनसारख्या जुन्या कृष्णधवल भुताखेतांच्या मालिकांत लोकांना अजून काय दिसतं? की नुसता नॉस्टॅल्जिया? बघायच्याच तर सुरुवात कुठून करू?

नॉस्टॅल्जिया हा शब्द नसता तर मी प्रश्न वाचून पुढे गेलो असतो. गेली कित्येक वर्षं तो मी माझ्या मेहुण्याच्या तोंडून ऐकतोय. आता अनोळखी माणसंही विचारायला लागली, तेव्हा एकदा लिहूनच टाकतो.

मी मिरजेचा, १९७२चा. ट्वायलाइट झोन अमेरिकेत सीबीएसवर २ ऑक्टोबर १९५९ला सुरू झाली आणि जून १९६४मध्ये संपली. म्हणजे माझ्या जन्माच्या आठ वर्षं आधीच तिचा कारभार आटोपला होता. मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेही २ ऑक्टोबरलाच, पण १९७२च्या, आणि आमच्या गल्लीत चित्र दिसायला त्यानंतरही बराच काळ गेला. जे लहानपणी पाहिलंच नाही त्याच्या आठवणीने मी गळा कसा काढणार? ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचं प्रेम म्हणाल तर तेही नाही. शेजाऱ्यांच्या फरशीवर बसून, अँटेना फिरवायला गच्चीवर कोणी जायचं यावर भांडत जे पाहिलं, त्यातलं निम्मं आज कोणी पैसे देऊन दाखवलं तरी बघणार नाही.

मी ही मालिका पहिल्यांदा पाहिली ती ३१ डिसेंबर १९९८च्या रात्री, न्यू जर्सीत, एडिसनला. वाय-टू-केचे, म्हणजे २००० साल उजाडताना संगणक बिघडू नयेत म्हणून चाललेल्या धावपळीचे दिवस होते. दोन खोल्यांत आम्ही चौघं. दोघं सुट्टीला गेलेले, उरलो मी आणि गुंटूरचा एक रूममेट, जो दहा वाजताच झोपला. टीव्ही यार्ड सेलमधून पंधरा डॉलरला आणलेला. त्याचे रंग गेलेले होते, म्हणून तर पंधरा डॉलर. बातम्या करड्या, बास्केटबॉल करडं, पिझ्झाची जाहिरातसुद्धा करडी. तेव्हा लक्षात घ्या, मी जे पाहत होतो ते मुळातच कृष्णधवल आहे हे मला माहीत नव्हतं. जुनं आहे एवढं गाड्यांवरून कळत होतं. बाकी ‘व्हिंटेज’ वगैरे डोक्यात काही नाही.

तिकडे एका केबल चॅनेलवर वर्षाअखेरीला ही मालिका सलग लावतात. मी मध्येच घुसलो. भाग होता ‘द हिच-हायकर’, जानेवारी १९६०चा. नॅन नावाची एक मुलगी न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला एकटीच गाडी घेऊन निघालीय. पेन्सिल्व्हेनियात टायर फुटतो, मेकॅनिक येतो, टायर बदलतो, ती निघते. आणि रस्त्याच्या कडेला एक माणूस अंगठा दाखवून लिफ्ट मागत उभा दिसतो. बुजगावण्यासारखा, जुनापुराणा कोट, डोक्यावर हॅट. ती थांबत नाही. पन्नास मैलांवर तोच. पुढच्या राज्यात तोच. तो पाठलाग करत नाही, धमकी देत नाही. नुसता तिच्या आधी पोचलेला असतो.

आणि हे बरंचसं भर उन्हात. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण मेहुण्याचं एक ठरलेलं वाक्य आहे: ‘काळोखात सगळं लपवायचं, पुठ्ठ्याचे सेट झाकायचे, म्हणून ते ब्लॅक अँड व्हाइट.’ अरे, इथे काळोख आहे कुठे? पांढरं आकाश आणि करडा रस्ता. ऊन आहे पण ऊब दिसत नाही. सकाळ आहे की दुपार कळत नाही. रंग असता तर त्या माणसाच्या चेहऱ्यावर रक्त आहे की नाही हे तरी कळलं असतं. करड्यात सगळेच सारखे दिसतात. तीसुद्धा.

ही गोष्ट मुळात नभोनाट्याची. ल्युसिल फ्लेचर या बाईंनी लिहिलेली, १९४१मध्ये ऑर्सन वेल्सनी रेडिओवर केली. तिथे गाडी चालवणारा पुरुष होता, ट्वायलाइट झोनचा कर्ता रॉड सर्लिंग याने त्याची बाई केली. आकाशवाणी सांगलीच्या श्रुतिका ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही: अर्धं काम कानांनी करायचं असतं आणि उरलेलं तुमच्या डोक्याने. आमच्या वाचनालयात नारायण धारपांचं पुस्तक हातात आलं की पानं सुटलेली असायची, कागद पिवळा, शाई काळी. भीती वाटायला आणखी कुठला रंग लागला होता?

तर नॅन. शेवटी शेवटी ती एका पब्लिक फोनवरून घरी आईला फोन लावते. पलीकडे आईऐवजी कोणी वेगळीच बाई बोलते. ती काय सांगते ते मी इथे लिहीत नाही. आई दवाखान्यात आहे, एवढंच.

भाग संपला तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. म्हणजे मिरजेत सकाळचे साडेअकरा. मी उठलो, परदेशी फोन लावायचं पाच डॉलरचं कॉलिंग कार्ड काढलं, आधी वापरलेलं, त्यात थोडी मिनिटं उरली होती. पिन दाबला, नंबर दाबला. आमच्या घरी फोन कायम वडील उचलायचे, दुसऱ्या रिंगला, आणि ‘हॅलो’ऐवजी आपला फोन नंबर सांगायचे. त्या दिवशी आठ-दहा रिंगा झाल्या. मग एका बाईचा आवाज. आईचा नव्हे.

‘कोण पाहिजे?’

मी नाव सांगितलं. ती म्हणाली, ‘घरात कुणी न्हाई. काकी दवाखान्यात गेल्यात.’

आणि कार्ड संपलं.

आता तुम्ही मला सांगा. दुसरं कार्ड घरात नव्हतं. बाहेर बर्फ, आणि इतक्या रात्री उघडं दुकान पेट्रोल पंपावरचं, चालत वीस मिनिटांवर. मी गेलो. कार्ड आणलं, खरवडलं, लावलं, तर सगळ्या लाइन व्यस्त. नवीन वर्षाच्या रात्री अर्धं न्यू जर्सी घरी फोन लावत असणार. पाऊण तास तो रेकॉर्ड केलेला आवाज ऐकत बसलो. समोर करडा टीव्ही आवाज बंद करून चालू. त्या पाऊण तासात डोक्यात जे आलं ते सांगायला लाज वाटते. आधी आईची काळजी वाटली, ती सरळ होती. मग त्या भागाचाच हिशेब डोक्यात सुरू झाला: आई दवाखान्यात, म्हणजे तिला कसला तरी धक्का बसला असणार. धक्का कशाचा? मी उठून रूममेटच्या खोलीत गेलो, दिवा लावला आणि त्याला हलवून विचारलं, ‘मी तुला दिसतोय ना?’

त्याने तेलुगूत एक शिवी घातली. इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

फोन लागला तेव्हा आईनेच उचलला. कोणाची तरी सून बाळंत झाली होती, तिला बघायला गेली होती. मिरजेच्या माणसाला हे नवीन नाही. आमच्याकडे दवाखान्यात जाणं म्हणजे जवळजवळ देवळात जाण्यासारखंच, आठवड्यातून एकदा कोणी ना कोणी तिथे असतंच. वडील स्टेशनवर कोणाला तरी सोडायला. सिलिंडर यायचा होता म्हणून शेजारची नवी सून घरात बसवलेली. ‘एवढ्या रात्रीचा कशाला जागतोयस?’ आई म्हणाली. ‘मुलगा झालाय, साडेसहा पौंड.’

म्हणून म्हणतो, मला ही मालिका आवडते याचं कारण जुनेपणा नाही. तेव्हाच जवळपास चाळीस वर्षं जुन्या असलेल्या फोनच्या एका सीनने मिरजेच्या पोराला बर्फातून चालत पेट्रोल पंपावर पाठवलं, एवढं पुरे आहे. घरापासून लांब राहणाऱ्या कोणालाही विचारा, आपल्या घरचा फोन परक्या आवाजाने उचलला की पोटात काय होतं.

यांना फोनचं मर्म कळलं होतं हे नक्की. १९६४चा ‘नाइट कॉल’ बघा. रिचर्ड मॅथेसनची गोष्ट, दिग्दर्शक जाक तूर्नर, ज्याने १९४२मध्ये ‘कॅट पीपल’मध्ये न दाखवता घाबरवायचं कसं ते दाखवून ठेवलं होतं. एकटी म्हातारी, रात्री फोन वाजतो, पलीकडे आधी नुसती खरखर, मग कण्हणं, मग एक शब्द. टेलिफोन कंपनी शोध घेते तर तार तुटून कुठे पडलीय ते कळतं. बस. एक बाई, एक खाट, एक फोन. १९६१च्या ‘लाँग डिस्टन्स कॉल’मध्ये तर नातू खेळण्यातल्या फोनवर गेलेल्या आजीशी बोलतो.

अर्थात हा शेवटचा भाग दिसायला भिकार आहे, हे मान्य. दुसऱ्या सीझनला पैसे वाचवायला सहा भाग फिल्मऐवजी व्हिडिओटेपवर घेतले, त्यातला हा एक. चित्र सपाट, सगळं स्टुडिओत कोंडलेलं. म्हणजे कृष्णधवल असलं की आपोआप छान, असं मी म्हणत नाहीये. ते काम छायाचित्रकाराचं असतं. ‘आय ऑफ द बिहोल्डर’ पाहा, १९६०चा. तोंडाला बँडेज गुंडाळलेली एक पेशंट, आणि जवळपास वीस मिनिटं एकाही डॉक्टर-नर्सचा चेहरा दिसत नाही. सावली, पाठ, हात, पडदा, आणि ही लपवालपवी चाललीय हे तुमच्या लक्षातही येत नाही. जॉर्ज क्लेमेन्स नावाचा माणूस कॅमेऱ्यामागे होता.

मेहुण्याकडे पुण्याला त्याने एक खोली फक्त सिनेमासाठी केलीय, भिंतींना स्पंज लावलेली. तिथे मी त्याला हाच भाग दाखवला. आधी त्याने ब्राइटनेस वाढवला, ‘दाजी, काहीच दिसत नाही हो.’ न दिसण्यासाठीच दिवे लावलेत तिथे! मग दहाव्या मिनिटाला माझ्या मुलीसमोर शेवट सांगून टाकला. ‘सोपं आहे, अंदाज येतो.’ मुलगी बारा वर्षांची, पाय पोटाशी घेऊन बघत होती, ती उठून आत गेली. त्यानंतर आमचं जे झालं ते बायकोला विचारा. आणि शेवटी त्याचं तेच: ‘दाजी, तुमचं हे नॉस्टॅल्जिया आहे.’

अंदाज येतोच रे बाबा. साठ वर्षं जगभर तोच शेवट उचलून वापरलाय, तर तुला अंदाज येणार नाही तर काय! शेवट ओळखणं ही काय परीक्षा आहे का?

आणि सर्लिंगला नुसतं दचकवायचं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समधल्या लेयटेच्या लढाईत उतरलेला पॅराट्रूपर तो. १९५६मध्ये एमेट टिल या काळ्या मुलाच्या खुनावरून त्याने टीव्हीसाठी नाटक लिहिलं, तर जाहिरातदारांच्या भीतीने त्याची इतकी छाटणी झाली की मूळ गोष्ट ओळखू येईना. मग त्याने भुतं आणि मंगळवासी पुढे केले. त्यांच्या तोंडून काहीही वदवलं तरी साबणवाला हरकत घेत नाही. १५६ भागांतले ९२ त्याने स्वतः लिहिले, आणि पन्नासाव्या वर्षी, १९७५ला, गेला. सगळेच ९२ चांगले नाहीत. काहींत तो भाषण ठोकतो. हे मी मेहुण्यासमोर कबूल करत नाही.

सुरुवात कुठून, हे विचारलंय तुम्ही. वर सांगितलेले तीन-चार भाग बघा. मग ‘द इन्व्हेडर्स’, त्यात अ‍ॅग्नेस मूरहेड नावाची नटी, जिचं नाव रेडिओवरच्या आवाजाने झालं होतं, पूर्ण भागात एक शब्द बोलत नाही. चौथा सीझन सोडा, तासाचे भाग केले आणि पाणी घातलं. दुसऱ्या मालिकांपैकी भयपटांतला नट बोरिस कार्लॉफ सादर करायचा ती ‘थ्रिलर’ घ्या, त्यातला १९६१चा ‘पिजन्स फ्रॉम हेल’ एकट्याने नको. ‘आउटर लिमिट्स’मध्ये राक्षस रबरी आहेत पण प्रकाशयोजना कॉनराड हॉलची, बघण्यासारखी. ‘वन स्टेप बियाँड’ ट्वायलाइट झोनच्या आधीची, जानेवारी १९५९ची, सगळं खरं घडलेलं आहे असा तिचा दावा. मला अळणी वाटते. कोणाला आवडतही असेल. दिवे घालवा, फोन दूर ठेवा आणि मेहुणा घरी नसेल असं बघा.

एक राहिलं. २००६ला आई आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. एका दुपारी मी ‘हिच-हायकर’ लावला, ती शेजारी भाजी निवडत बसलेली. तिला इंग्रजी जेमतेम. फोनच्या सीनला तिने विचारलं, ‘काय म्हणतीय ती?’ मी म्हटलं, तिची आई दवाखान्यात आहे. आईने मान वरही केली नाही. ‘मग ती पोरगीच गेलीय. त्याशिवाय आई आडवी होईल का?’

हे मी मोठ्या अभिमानाने मेहुण्याला सांगितलं, की बघ, भाषा येत नसताना माझ्या आईला पोचलं. तो म्हणाला, ‘म्हणजे मावशींनाही शेवट आधीच कळला की, दाजी.’

आणि हो, आता वर जाऊन वाचलं तर लक्षात येतंय की तुमच्यासाठी तो शेवट मीच फोडून बसलोय. हे उत्तर त्याला कोणी पाठवू नका.