पाणीही वर्ज्य असलेला उपवास

प्रश्न : आमच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून राहणारी विद्यार्थिनी रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, कुटुंबातील आहे. गेल्या दसऱ्याला, म्हणजे २ ऑक्टोबर २०२५ रोजी, तिचा कडक उपवास होता. तिने दिवसभर पाणीही घेतले नाही, मोबाइलला हात लावला नाही आणि मी केलेली साबुदाण्याची उसळ तशीच राहिली. आठवडाभर आधीच्या उपवासाला मात्र ती आंघोळ करून, गाडीने कॉलेजला गेली होती. यांच्या उपवासात नेमके काय चालते? तिला रोज एक गोळी घ्यावी लागते, तिचे काय? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्या उसळीचा मान राहिला नाही याचे वाईट वाटून घेऊ नये, ज्यू परंपरेत फराळाचा उपवास नसतोच. एका प्रकारचे अन्न सोडून दुसरे घ्यायचे अशी सोय तेथे नाही. उपवास म्हणजे अन्न आणि पाणी दोन्ही बंद. फरक पडतो तो उपवासाच्या लांबीत आणि त्याच्या जोडीने येणाऱ्या इतर निर्बंधांत.

आपण पाहिलेला दसऱ्याचा उपवास योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा होता. कोकणातील जुनी बेने इस्राएल मंडळी त्याला दरफळणीचा सण म्हणत. तो तिश्री महिन्याच्या दहाव्या तिथीला येतो. ज्यू पंचांगही आपल्यासारखेच चंद्राचे महिने धरून अधिक महिन्याने सूर्याशी मेळ घालणारे असल्यामुळे २०२२, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी तो विजयादशमीलाच आला. ज्या दिवशी दीक्षाभूमीकडे जाणारे रस्ते गर्दीने भरून जातात, त्याच दिवशी आपली पाहुणी खोलीत प्रार्थना करीत होती. आदल्या दिवशीच्या सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्री तारे दिसेपर्यंत, सुमारे पंचवीस तास, पाच गोष्टी वर्ज्य असतात : खाणेपिणे, आंघोळ, अंगाला तेल किंवा उटणे लावणे, चामड्याची पादत्राणे घालणे आणि पतिपत्नीचा संग. शिवाय हा दिवस शब्बाथसारखाच, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसासारखाच, पाळला जात असल्यामुळे स्वयंपाक, दिवा लावणे-विझवणे, वाहन आणि फोनही नको. चामडे नसलेली कापडी किंवा रबरी चप्पल चालते. झोपेतून उठल्यावर बोटे धुणे आणि हाताला घाण लागली तर तेवढा भाग धुणेही चालते.

येथे एक व्यवहाराची गोष्ट. उपवासाची वेळ त्या त्या गावच्या सूर्यास्तावर ठरते आणि नागपुरात सूर्य मुंबईपेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे आधी मावळतो. घरून पाठवलेले मुंबईचे वेळापत्रक जसेच्या तसे पाळले तर उपवास सुरूही उशिरा होईल आणि सुटेलही उशिरा. आदल्या दिवशी पोटभर जेवणे हे धर्मकर्तव्यच मानलेले आहे. म्हणून त्या संध्याकाळचे जेवण आपण साडेपाचच्या आत वाढलेत, तर ती खरी मदत ठरेल.

याच कडकपणाचा दुसरा उपवास आव महिन्याच्या नवमीचा, बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये येणारा. यरुशलेमचे पहिले मंदिर बाबिलोनच्या सैन्याने आणि दुसरे इ. स. ७० मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केले, त्याचा हा शोक आहे. वालाच्या बिरड्याचे जेवण त्याच्याशी जोडलेले असल्याने बेने इस्राएल त्याला बिरड्याचा रोजा म्हणतात. वरील पाचही गोष्टी येथे वर्ज्य आहेत, पण वाहन व फोन चालतात. सुतक असल्यासारखे जमिनीवर किंवा ठेंगण्या आसनावर बसतात, एकमेकांना अभिवादन करीत नाहीत. तोराचा, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाचा, अभ्यास आनंद देतो म्हणून तोही त्या दिवशी बंद. विलापगीत आणि ईयोबाच्या ग्रंथासारखे दुःखाचेच वाचन करतात. त्या सकाळी तिने नमस्काराला उत्तर दिले नाही, तर राग मानू नये.

बाकीचे चार सार्वजनिक उपवास सौम्य आहेत. पहाटेपासून रात्र पडेपर्यंत फक्त अन्नपाणी बंद. आंघोळ, चपला, कॉलेज, सारे चालते. आपण पाहिलेला आधीचा उपवास त्यांपैकीच गदल्याचा, म्हणजे गदल्या या प्राचीन ज्यू अधिकाऱ्याच्या हत्येच्या शोकाचा. बेने इस्राएल त्याला नव्याचा रोजा म्हणतात. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि आजारी माणसे यांना या चार उपवासांतून सूट असते.

आता गोळीबद्दल. सौम्य उपवासांत आजारी व्यक्तीला सूटच असल्याने फारसा प्रश्न येत नाही. योम किप्पूरला चव नसलेली गोळी पाण्याशिवाय गिळणे हे खाणे धरले जात नाही, म्हणून आजारावरील नेहमीच्या औषधाला बहुतेक रब्बी (ज्यू धर्मगुरू) मुभा देतात. कोरडी गोळी गिळवत नसेल, तर तिने आधीच रब्बींना आणि डॉक्टरांना विचारावे. डॉक्टरांनी वेळेवर घ्यायला सांगितलेले औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. जिवाला धोका असेल तर प्रश्नच उरत नाही : अशा माणसाने खाल्लेच पाहिजे, आणि उपवास धरून बसणे हेच पाप. शक्य असेल तर मोठ्या खजुरापेक्षा कमी, असे थोडेथोडे, मध्ये वेळ जाऊ देऊन त्याला भरवतात. वैद्य ‘गरज नाही’ म्हणाला आणि रुग्ण ‘गरज आहे’ म्हणाला, तर तालमूद हा ज्यू धर्मशास्त्राचा ग्रंथ रुग्णाचे ऐकायला सांगतो. तेव्हा तिला भोवळ आली किंवा ती घामाघूम झाली, तर साखरपाणी देताना आपण तिचा धर्म मोडतो आहोत, अशी शंका मनात आणू नये.