वाचकांचे प्रश्न : लातूरहून लंकावीची जुनी बोट

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही पती-पत्नी लातूरचे. मी पुढील वर्षी जलसंपदा विभागातून निवृत्त होत आहे. पत्नी शिक्षिका होती. आम्ही दोघांनी हैदराबादच्या हुसेनसागरावर शिडाची लहान होडी चालवायला शिकून घेतले आहे आणि गोव्यात दोनदा, आठ-आठ दिवस, मोठ्या शिडाच्या बोटीवर राहिलो आहोत. वर्षातील सहा महिने स्वतःच्या बोटीवर राहून मलेशिया आणि थायलंडचा किनारा हिंडावा, असा विचार आहे. मलेशियाच्या लंकावी बेटावर १९८६ साली बांधलेली ३७ फुटी, फायबर ग्लासची बोट सुमारे ३५ लाख रुपयांना विक्रीस आहे. मालकाचे म्हणणे असे की बोट पूर्ण तयार आहे, सामान चढवायचे आणि निघायचे. आमची तरतूद ४० लाखांची आहे. बोट इतकी जुनी असताना ती घ्यावी का?

उत्तर : आपल्याला बोटीच्या वयाची काळजी वाटते, मला आपल्या पत्रातील ३५ आणि ४० या दोन आकड्यांची वाटते. आधी वयाचे पाहू. त्या काळातील अनेक कारखाने बोटीचे कवच जाड घालत असत, त्यामुळे चांगल्या बांधणीची १९८६ ची बोट आजही समुद्रात सुखाने जाऊ शकते. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत १९८८ पूर्वी आराखडा झालेल्या, ३२ ते ३६ फुटी बोटींनाच प्रवेश असतो आणि आपले अभिलाष टॉमी २०२३ मध्ये अशाच एका ३६ फुटी बोटीतून तिथे दुसरे आले. तळाच्या रंगाखाली पाण्याचे बारीक फोड दिसले, तरी लगेच घाबरू नये. ते दुरुस्त होतात आणि बहुधा किंमत कमी करून घेण्याच्याच कामी येतात.

खरी जोखीम डेक (बोटीचा वरचा, चालण्याचा पृष्ठभाग), डोलकाठीच्या तारा आणि तळातील भोके या तीन ठिकाणी असते. फायबर ग्लासच्या डेकच्या पोटात पुष्कळदा हलक्या बाल्सा लाकडाचा किंवा प्लायवूडचा थर असतो. डेकवर बसवलेल्या एखाद्या बोल्टशेजारून वर्षानुवर्षे पाणी झिरपले की तो थर आत कुजतो आणि वरून काहीच दिसत नाही. उन्हाळ्यात माठ घेताना तो बोटाने वाजवून पाहण्याची आपली रीत इथे जशीच्या तशी लागू पडते : लहान हातोडीच्या मुठीने डेक हळूहळू ठोकत जावे, टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तिथे खूण करून ठेवावी. खुणांनी निम्मा डेक भरला तर पुढचे काही न पाहता बोटीवरून उतरावे.

डोलकाठीला चारी बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा स्टेनलेस स्टीलच्या असल्या, तरी त्या गंजत नाहीत हा समज चुकीचा आहे. जिथे ओलावा आहे आणि हवा पोहोचत नाही, नेमके तिथे हे पोलाद आतून चिरते. म्हणून तारा ज्या पट्ट्यांना अडकवतात, त्यांचा डेकमधून आत गेलेला भाग उघडून पाहिल्याशिवाय त्यांच्याबद्दल मत बनवू नये. अशा एका बोटीच्या वर चकचकीत दिसणाऱ्या पट्ट्या मी स्वतः हात फिरवून पसंत केल्या होत्या. सर्व्हेयरने, म्हणजे बोटीची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाने, एक पट्टी उपसून बाहेर काढली, तेव्हा तिची अर्धी जाडी चिरेने खाल्लेली निघाली. तारा बदलल्याची पावती मागावी. दहा वर्षांपेक्षा जुन्या तारा असल्यास विमा कंपन्या बहुधा प्रश्न विचारतात, आणि ३७ फुटी बोटीच्या सगळ्या तारा बदलणे हे काही लाखांचे काम आहे.

पाणी आत-बाहेर नेण्यासाठी तळात ठेवलेल्या भोकांवरच्या झडपा, म्हणजे सी-कॉक, कांशाच्या असाव्यात. साध्या पितळेतील जस्त खाऱ्या पाण्यात निघून जाते आणि उरलेला धातू गुलाबीसर व ठिसूळ होतो. प्रत्येक झडप हाताने उघडून आणि बंद करून पाहावी. जी हलत नाही ती बिघडलेलीच समजावी.

इंजिनाबाबत विहिरीवरच्या डिझेल पंपाचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे. आपण पोहोचण्यापूर्वी ते सुरू करू नये, अशी अट आधीच घालावी, आणि गेल्यावर प्रथम इंजिनाला हात लावून ते गार आहे ना, हे पाहावे, कारण आधीच तापवलेल्या इंजिनात सुरू होतानाची अडचण लपते. मग ते सुरू करून धूर पाहावा. निळा धूर तेल जळत असल्याचा, काळा धूर इंधन नीट जळत नसल्याचा किंवा बोजा जास्त असल्याचा. शिडे, गाद्या, पडदे आणि जुनी इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांच्यावर मात्र वेळ घालवू नये, कारण विक्रेता नेमके तेच आधी दाखवतो.

आता त्या दोन आकड्यांकडे वळतो. बोटीच्या किमतीच्या सुमारे दहा टक्के रक्कम दरवर्षी देखभालीत जाते, असा जाणत्यांचा ढोबळ हिशेब आहे आणि जुन्या बोटीच्या पहिल्या वर्षी तो हमखास मोडतो. ४० लाखांतील ३५ लाख खरेदीतच गेले, तर पहिल्या मोठ्या दुरुस्तीला आपण बंदरातच अडकून पडाल. माझे स्पष्ट मत असे की आपण २५-२६ लाखांच्या पुढे जाऊ नये. त्यात ही बोट बसत नसेल, तर ३२-३३ फुटी पाहावी. दोघांच्या संसाराला ती पुरते आणि तिचा नांगर, शिडे, तारा, धक्क्याचे भाडे सगळेच स्वस्त पडते. शिवाय पाच वर्षे धक्क्याला बांधून ठेवलेल्या मोठ्या बोटीपेक्षा गेल्या हंगामापर्यंत फिरत असलेली लहान बोट मला केव्हाही पसंत पडेल.

व्यवहाराचा क्रम असा ठेवावा : प्रथम लेखी प्रस्ताव, त्यात पाहणी समाधानकारक झाली तरच व्यवहार पूर्ण होईल हे कलम, मग परत मिळण्याजोगी अनामत, मग बोट पाण्याबाहेर काढून तपासणी आणि शेवटी समुद्रात चालवून पाहणे. सर्व्हेयर आपण निवडावा आणि त्याचे पैसेही आपणच द्यावेत; दलालाने सुचवलेला नम्रपणे नाकारावा. विक्रीखताबरोबर पूर्वीच्या नोंदणीचे कागद, बोटीवर कर्ज नसल्याचा पुरावा आणि जुनी नोंदणी रद्द केल्याचा दाखला हातात आल्याखेरीज उरलेली रक्कम देऊ नये. बोट भारतात आणायची झाल्यास सीमाशुल्क आणि कर यांचा वेगळा डोंगर उभा राहतो, म्हणून ती तिकडेच ठेवण्याचा आपला बेत योग्य आहे. पैसे परदेशी पाठवण्याची मर्यादा रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार प्रत्येकी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. तरीही नियम आपल्या बँकेकडून लेखी विचारून घ्यावेत. त्या किनाऱ्यावर नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा हंगाम असतो, तेव्हा खरेदी ऑक्टोबरपर्यंत उरकलेली बरी.

बोटीवरच्या टाकीत साधारण ३००-४०० लिटर पाणी मावते आणि नवख्यांना ते पुरवून वापरणे सर्वांत जड जाते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यावर दिवस काढलेल्या लातूरकरांना याविषयी मी काय सांगावे!

प्रश्न : अशी एखादी जुनी बोट पैठणच्या नाथसागरात ठेवून सराव करता येईल का? (एक वाचक, पैठण)

उत्तर : नाही. राहण्याजोग्या बोटीचा कणा पाण्याखाली पाच-सहा फूट जातो आणि नाथसागराचे काठ उथळ आहेत. पाणी ओसरू लागले की ती गाळात रुतेल. शिवाय हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे वन विभागाच्या आणि धरण प्रशासनाच्या परवानगीवाचून तिथे लहान होडीही घालू नये. वारा ओळखणे, शीड फिरवणे आणि होडी उलटल्यावर ती सरळ करणे हे मराठवाड्यातून हुसेनसागरावर जाऊन शिकता येते. नांदेड-लातूरकरांना तर हैदराबाद मुंबईपेक्षा जवळच पडते.