घर की कारखाना? नियम नेमकं काय बघतात

प्रश्न : ताई, मी चार वर्षांपासून घरीच शिवणकाम करते. घर भाड्याचं, दुसऱ्या मजल्यावर. काम वाढलंय, म्हणून दोन बायकांना मदतीला घ्यावं आणि फाटकाशी छोटीशी पाटी लावावी असं मनात आहे. पण खालच्या मजल्यावरच्या बाईंनी परवा सुनावलं, "राहत्या घरात धंदा करायला परवानगी लागते." घरमालक म्हणतात, "माझी काही हरकत नाही." मग आणखी कुणाला विचारायचं राहिलं?

उत्तर : घरमालक समजूतदार आहेत ही मोठीच सोय आहे, पण त्यांचं 'हरकत नाही' तोंडी आहे, आणि ते त्यांच्यापुरतंच आहे. घरातल्या व्यवसायावर वेगवेगळ्या लोकांचा हक्क चालतो. घरमालकाचा भाडेकराराने, इमारतीतल्या रहिवाशांच्या संस्थेचा तिच्या नियमावलीने, आणि स्थानिक प्रशासनाचा जमीन-इमारतीच्या वापराच्या नियमांनी. एकाने होकार दिला म्हणून दुसऱ्याचा नियम सुटत नाही. आज कपाटातून भाडेकरार काढा आणि 'केवळ निवासासाठी' असे शब्द आहेत का ते बघा. असतील तर मालकांकडून दोन ओळी लिहून, सही करून घ्या. उद्या घर विकलं गेलं तर नव्या मालकापुढे तुमचा शब्द चालणार नाही, कागद चालेल.

आता स्थानिक नियमांचं. 'शिवणकाम चालतं की नाही' असा प्रश्न घेऊन कार्यालयात जाल तर उत्तर बहुधा अर्धवट मिळेल. कारण नियम कामाच्या नावापेक्षा त्या कामाची झळ घराबाहेर किती पोचते ते बघतात. इंग्लंडमध्ये घरून व्यवसाय करणाऱ्याला साधारण हेच विचारतात : घर मुख्यतः राहण्यासाठीच वापरात राहील ना, ये-जा आणि वाहनं ठळकपणे वाढतील का, वस्तीत सहसा होत नाही असं काही तिथे चालेल का, अवेळी शेजाऱ्यांना त्रास होईल का. उत्तरं समाधानकारक असली तर 'वापरात बदल' झाला असं सहसा मानत नाहीत, आणि वेगळी परवानगी लागत नाही.

तुमच्या बाबतीत मला काळजी वाटते ती मशिनपेक्षा त्या दोन बायकांची आणि पाटीची. कुटुंबाबाहेरचा माणूस कामाला यायला लागला की बऱ्याच ठिकाणी नियम बदलतो. सिंगापूरच्या सरकारी सदनिकांत घरगुती शिवणकाम चालतं, पण बाहेरचा कामगार ठेवायचा नाही आणि पाटीही लावायची नाही. न्यूयॉर्कने २०२४ मध्ये आपले नियम सैल केले आणि तीन कामगारांपर्यंत मुभा दिली. त्याआधी तिथे घरात केशकर्तन किंवा गृहसजावटीचं कार्यालय चालवायलासुद्धा बंदी होती! एकच काम एका शहरात चालतं, दुसऱ्यात नाही. म्हणून बहिणीच्या गावी चालतं, ओळखीच्या बाई करतात, या आधारावर एकही पाऊल टाकू नका. तुमच्या पत्त्याला कोणता नियम लागू आहे तेच विचारा.

खालच्या बाईंवर रागावू नका, ही माझी कळकळीची विनंती. मीही कधीकाळी घरी ओव्हरलॉकचं मशिन चालवत असे. माझ्या खोलीत त्याचा आवाज इतका सवयीचा झाला होता की ऐकूही येत नसे. एका संध्याकाळी खालच्या आजींनी मला त्यांच्या घरी बोलावलं आणि माझ्या मुलीला वर मशिन सुरू करायला सांगितलं. भिंतीतल्या कपाटातले काचेचे पेले एकमेकांना लागून किणकिणत होते, थांबत नव्हते. आजी काही बोलल्या नाहीत, फक्त कपाटाकडे बघत राहिल्या. मला रडू आलं. मशिनच्या पायांखाली जाड रबर घातलं, टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, संध्याकाळी सातनंतर पायडलला पाय लावायचा नाही असं ठरवलं. पुढे मी परवानगीसाठी अर्ज केला तेव्हा आजींनी स्वतःहून सहमतीची सही दिली. तुम्हीही एकदा खाली जाऊन बसा आणि वर मशिन चालू ठेवायला सांगा.

अर्ज करताना 'शिवणकाम' एवढंच लिहू नका. किती मशिन, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, दिवसाला साधारण किती गिऱ्हाइकं, बाहेरची किती माणसं, कापड कुठे ठेवणार, सगळं लिहा. घराचा साधा नकाशा काढून कामाची खोली रंगवून दाखवा. उत्तर लेखीच मागा. तोंडी सांगणारा अधिकारी बदलून गेला की त्याचं सांगणंही त्याच्याबरोबर जातं.

अजून एक, ज्याकडे हमखास दुर्लक्ष होतं : विमा. घराचा विमा राहत्या घराचा असतो. कापडाचे गठ्ठे, इस्त्री आणि चार मशिन आहेत हे कंपनीला कळवलं नसेल, तर आग लागल्यावर दावा नाकारला जाऊ शकतो. मदतनीस ठेवल्यावर त्यांच्या दुखापतीची जबाबदारीही येते. माणसं घ्यायच्या आधी हे विचारून घ्या. पाटी सगळ्यात शेवटी.

प्रश्न : मी घरी बसून लॅपटॉपवर भाषांतराचं काम करतो. कुणी येत नाही, जात नाही. मलाही परवानगी लागेल का?

उत्तर : एकट्याने, टेबलाशी बसून केलेल्या कामाने घराचा वापर बदलला असं बहुतेक ठिकाणी मानत नाहीत. पण व्यवसायाची नोंदणी आणि कर हा वेगळा विषय आहे, तो यातून सुटत नाही. आणि घर भाड्याचं असेल तर नोंदणीत तो पत्ता देण्याआधी मालकांना सांगा. त्यांच्या घरी तुमच्या व्यवसायाच्या नावाची पत्रं यायला लागली की त्यांना ते पोस्टमनकडून कळायला नको.