‘मावशी’ म्हणतात, पण ‘ये’ की ‘या’?

प्रश्न : समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी आमच्या सोसायटीत प्रश्नावली वाटली. घरकामाला येणाऱ्या बाईंना आणि वॉचमनना काय म्हणता, असं विचारलं. बहुतेकांनी ‘मावशी’ आणि ‘काका’ लिहिलं. म्हणजे आदर आहे, असा निष्कर्ष काढू का? – एक विद्यार्थिनी, दादर

उत्तर : इतक्यात नको. प्रश्नावलीत लोक स्वतःबद्दलचं चांगलं मतच लिहितात. बोलणं कानांनी टिपावं लागतं. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या महागड्या, मध्यम आणि स्वस्त अशा तीन दुकानांत तेच केलं. चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठे आहे, असं विचारायचं. ‘फोर्थ फ्लोअर’ ऐकलं की ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा म्हणायला लावायचं. मग नजरेआड जाऊन त्यातला ‘र’ उच्चारला की गाळला, ते लिहायचं (तिथे तो उच्चारणं प्रतिष्ठेचं मानत). अशा २६४ नोंदींत महागड्या दुकानात ‘र’ सर्वाधिक आणि स्वस्त दुकानात सर्वांत कमी निघाला.

तुम्ही गेटपाशी, लिफ्टपाशी कान द्या. नुसती हाक लिहू नका, पुढचं क्रियापदही लिहा. खरी गोम तिथेच आहे. सख्ख्या मावशीलाही आपण ‘तू’च म्हणतो, त्यामुळे ‘मावशी, उद्या लवकर ये’ यावरून काहीच ठरत नाही. काकांना मात्र बऱ्याच घरांत ‘तुम्ही’ म्हणतात. म्हणून ‘काका, जरा गेट उघड’ हे वाक्य ऐकलंत तर अधोरेखित करा : नातं जिभेवर, हुकूम क्रियापदात. (घरच्या काकांनाही ‘तू’ म्हणणारी कुटुंबं आहेत, बोलणाऱ्याला ते नंतर सहज विचारून घ्या.)

उलट बाजूचा रकाना विसरलात तर सगळी मेहनत वाया. ‘तू-तुम्ही’सारख्या सर्वनामांचा अभ्यास करणाऱ्या रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० मध्ये मांडलेली कसोटी अशी : दोघं एकमेकांना ‘तू’ म्हणत असतील तर जवळीक, एकच जण म्हणत असेल तर सत्ता. मावशी उत्तरादाखल ‘वहिनी, तुम्ही’ म्हणतात की ‘तू’, ते पाहा. दोघींच्या वयाचा अंदाजही लिहा, नाहीतर वयाचा मान आणि कामाचा दर्जा यांची गल्लत होईल.

वॉचमनशी पुष्कळदा हिंदीत बोललं जातं. तिथे ‘तू, तुम, आप’ अशा तीन पायऱ्या आहेत. त्या नोंदी मराठीत मिसळू नका. चोरून रेकॉर्डिंग तर अजिबात नको. फ्लॅट नंबर गाळलात तरी ‘तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर’ असं लिहिलंत, तर अख्खी सोसायटी त्यांना ओळखेल.