वरिष्ठ रोज ‘छान’ म्हणतात, तरी आत्मविश्वास का वाढत नाही?

तुम्ही विचारले आहे की, तुमचे मॅनेजर दिवसातून दोनदा तरी ‘छान, शाब्बास, तुम्हाला जमेल’ असे म्हणतात, तरीही नवे काम हाती घेताना धाकधूक होते. मग दोष तुमच्यात की त्या शब्दांत? मी ठाण्याला राहते आणि गेली चौदा वर्षे बेलापूरच्या एका कस्टम्स क्लिअरिंग कार्यालयात काम करते. माझ्या मते दोष तुमच्यात नाही, आणि शब्दांतही अर्धाच आहे.

आमच्याकडे आयात मालाचे बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडे द्यायचे मालाचे विवरणपत्र, दाखल करण्यापूर्वी त्याची चेकलिस्ट, म्हणजे कच्चा मसुदा, काढतात आणि ती पार्टीकडून, म्हणजे माल मागवणाऱ्या ग्राहकाकडून, मंजूर करून घेतात. माझे पहिले वरिष्ठ स्वभावाने फार गोड होते. प्रत्येक चेकलिस्ट पाहून ते ‘व्हेरी गुड’ म्हणत आणि मग तीच चेकलिस्ट संध्याकाळी पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासत बसत. तोंडाने विश्वास आणि हाताने अविश्वास, असा तो प्रकार होता. साडेसातच्या पनवेल-ठाणे लोकलमध्ये बसल्यावर माझ्या मनात ‘व्हेरी गुड’ उरत नसे. त्यांच्या हातातले लाल पेन तेवढे उरत असे.

त्यांच्यानंतर आलेले साहेब मोजके बोलत. एके दिवशी त्यांनी मला बोलावले आणि म्हणाले, “मागच्या आठवड्यातल्या जॉबमध्ये इनव्हॉइस सी.आय.एफ. होते, तरी चेकलिस्टमध्ये फ्रेट पुन्हा धरले गेले होते. ते तुम्ही पकडलेत. या दोन पार्ट्यांची कामे आता माझ्याकडे आणू नका, थेट फाइल करा.” सी.आय.एफ. किमतीत फ्रेट, म्हणजे वाहतुकीचा खर्च, आणि विमा आधीच धरलेला असतो; तो पुन्हा मिळवला तर मालाचे मूल्य फुगते आणि पार्टीला विनाकारण जास्त ड्यूटी भरावी लागते. त्यांच्या बोलण्यात ‘शाब्बास’ हा शब्द कुठेच नव्हता. तरी पहिले बिल स्वतःच्या जबाबदारीवर सबमिट करताना मी ते चार वेळा वाचले, पाचव्यांदा वाचण्याची गरज वाटली नाही, आणि महिनाभरात चाराचे दोनवर आले.

हे का घडले, याचा उलगडा मला पुढे अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीत झाला. ‘हे मला जमेल’ हा विश्वास चार ठिकाणांहून येतो, असे त्यांनी १९७७ मध्ये मांडले: स्वतः काम तडीस नेल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणे, कोणीतरी शब्दांनी दिलेला धीर, आणि त्या वेळी शरीर-मनाची असलेली अवस्था. यांत सर्वांत भक्कम आधार पहिला. नुसत्या धीराच्या शब्दांनी चढलेला विश्वास पहिल्या अपयशात उतरतो. उलट, शब्दांनी विश्वास खच्ची करणे मात्र वाढवण्यापेक्षा सोपे असते, आणि हे ज्याने ऑफिसात वर्षभर काढले आहे त्याला कोणी समजावण्याची गरज नाही.

क्लुगर आणि डिनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये कामावरील अभिप्रायाविषयीचे जुने प्रयोग एकत्र करून तपासले, तेव्हा सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला खरा, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी कामगिरी उलट घसरलेली आढळली. लक्ष कामावरून सरकून ‘मी कसा आहे’ याकडे गेले की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

ही चूक मी स्वतः केली आहे. हाताखाली आलेल्या एका मुलाला मी सर्वांसमोर ‘हा आमच्यातला सर्वांत हुशार’ म्हणत असे. एका मालाचे वर्गीकरण, म्हणजे तो ड्यूटीच्या कोणत्या गटात बसतो ते, त्याला उमजले नाही. पण हुशार माणसाने विचारायचे कसे, म्हणून त्याने ती फाइल दोन दिवस टेबलाखालच्या ट्रेमध्ये ठेवली. बिल उशिरा दाखल झाले, आणि पहिल्या तीन दिवसांचे विलंबशुल्क रोज ५,००० रुपये असते. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगांत बुद्धीची स्तुती झालेली मुले अपयशानंतर लवकर हात टेकत, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी आपले गुण वाढवून सांगितले होते. तो मुलगा मूळचा खोटारडा नव्हता. मी त्याला एक बिरुद दिले होते आणि तो ते सांभाळत होता. आता मी त्याला एवढेच सांगते की, अमुक कॅटलॉग मागवून घेतलास म्हणून वर्गीकरण बरोबर झाले.

तुमचे मॅनेजर वाईट आहेत असे मला वाटत नाही. त्यांना बहुधा तेवढेच शब्द ठाऊक असावेत. पुढच्या वेळी ते ‘छान’ म्हणाले की शांतपणे विचारा, “सर, यातले नेमके काय बरोबर झाले?” उत्तर मिळाले तर त्याच दिवशी वहीत टिपून ठेवा. ते गोंधळले तर एखादे लहान काम तुमच्या जबाबदारीवर, त्यांनी न तपासता, बाहेर जाऊ देण्याची विनंती करा. पहिल्या वरिष्ठांकडे तीन वर्षे काम करूनही मला हे विचारण्याचे धाडस झाले नव्हते.