जर्मनीत पीएचडी: एमओएफ घ्यावं की चुना?

एम.टेक. संपलंय, वीजकेंद्राच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पुन्हा पुन्हा शोषणारे घन पदार्थ हा विषय घेऊन जर्मनीत यावं का, आणि त्यात एमओएफ (धातू आणि सेंद्रिय रेणूंची सच्छिद्र जाळी) निवडावं की चुना, असं तू विचारलंस. तू चंद्रपूरची आहेस, म्हणून मी स्पष्टच सांगते: ये, आणि चुना घे.

कळीचा चुना 650 अंशांच्या आसपास धुरातला कार्बन डायऑक्साइड धरतो, त्याची चुनखडी होते. ती दुसऱ्या भट्टीत 900 अंशांवर तापवली की वायू सुटतो आणि चुना परत कामाला लागतो. पहिल्या टप्प्यात निघणारी उष्णता इतकी चढी असते की तिच्यावर वाफ करून वीज काढता येते. वायू शोषायची रूढ पद्धत म्हणजे अमाइन या रसायनाचं द्रावण, त्यात ही सोय नाही. कागदावर एक ग्रॅम चुना 0.78 ग्रॅम वायू धरतो. टीजीएवर (नमुना तापवत त्याचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर) मात्र पहिल्या फेरीत आलेख झोकात चढतो आणि मग दर फेरीला त्याचा माथा खाली येत जातो, कारण कण भाजून छिद्रं बुजतात. शेकडो फेऱ्यांनंतर कागदावरच्या क्षमतेच्या जेमतेम 7-8 टक्के उरते. धुरात गंधक असेल तर त्याचं कॅल्शियम सल्फेट होतं, तेवढा चुना कायमचा गेला. म्हणून जुना चुना सतत काढायचा, ताजी चुनखडी सतत घालायची.

तो काढलेला चुना सिमेंटला चालतो. तुझ्या जिल्ह्यात 2920 मेगावॉटचं वीजकेंद्र आहे, चुनखडी आहे, सिमेंटचे कारखानेही आहेत. आपल्या कोळशात 30-40 टक्के राख असते; दुसऱ्या भट्टीत तोच कोळसा जाळला तर ती राख चुन्यात मिसळून साठत जाणार. यावर काम करणारं माणूस आपल्याला हवंय, अगदी मनापासून सांगते.

एमओएफ कमी दर्जाचं नाही. कॅल्फ-20 नावाचं एमओएफ दमट धुरातही टिकतं, कॅनडातल्या एका सिमेंट कारखान्यात त्याची चाचणीही झाली. पण ओढा तिकडेच असेल तर ते जिथे घडलं ते कॅल्गरी विद्यापीठ बघ.

इथे डार्मश्टाटला चुन्याचा 1 मेगावॉटचा प्रायोगिक संच आहे, श्टुटगार्टला 200 किलोवॉटचा. एक गोष्ट आधीच समजून घे: कायद्याने इथला कोळसा 2038 पर्यंत बंद होणार, त्यामुळे निधीचा ओघ आता सिमेंट आणि चुनाभट्ट्यांकडे आहे. विषयाचं नाव बदलेल, पदार्थ तोच राहील.

पीएचडी इथे बहुतेक ठिकाणी नोकरीच असते: करार, पगार, कर, आरोग्यविमा. प्राध्यापकांना थेट मेल कर. मुलाखतीत विचार, की चाचण्या सिलिंडरच्या वायूवर होतात की खऱ्या धुरावर, आणि किती तास. प्रायोगिक संच रात्रंदिवस चालतो, पाळ्या कराव्या लागतात. तिथल्या तंत्रज्ञांशी इंग्रजीवर भागत नाही, तेव्हा बी-1 या मधल्या पातळीपर्यंतचं जर्मन निघण्याआधीच कर. आणि मेलला स्वतः काढलेला टीजीएचा एक आलेख जोड, गुणपत्रिकेआधी तोच बघतात.